डोक्याच्या माराची एआय तपासणी: १,८०० रुपये, १४ मिनिटं आणि एक हिरवा गोल

पाचपैकी दोन स्टार देतेय. एक तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीला, आणि एक त्या डोळ्यांच्या यंत्राला, कारण यंत्र बिचारं वाईट नाही. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. कोल्हापूर लहान आहे, आणि माझा धंदा पेठेतल्या फुटबॉल संघांच्या जर्सी शिवायचा आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमची थोरली १४ वर्षांची. गोलकीपर. तिचे वडीलही एकेकाळी पेठेच्या संघात गोलकीपरच होते, त्यामुळे घरात बाकी काही नसलं तरी ग्लोव्हज असतात. तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी संध्याकाळी सरावाच्या सामन्यात ती फॉरवर्डच्या पायात पडली आणि त्या मुलीचा गुडघा हिच्या कानशिलाला लागला. मी तिथं नव्हते. मैत्रिणी सांगतात, नारळ फोडल्यासारखा आवाज आला. ही लगेच उठली, हात झटकले, पुन्हा गोलमध्ये उभी राहिली. बेशुद्ध-बिशुद्ध काही नाही. म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

स्कूटीवरून आणताना मागून तिनं विचारलं, "आई, आम्ही जिंकलो का?" म्हटलं, सराव होता गं. रंकाळ्यापर्यंत येईस्तोवर तिनं हाच प्रश्न आणखी दोनदा विचारला. घरी आल्यावर दोन उलट्या झाल्या. मग मात्र तशीच दवाखान्यात नेली. सीटी स्कॅन झाला. नॉर्मल आला. आमच्या ह्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "आमच्या वेळी डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं की खेळ सुरू व्हायचा." तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मात्र नीट सांगितलं, की सीटी नॉर्मल म्हणजे आत रक्तस्राव नाही, हाड फुटलेलं नाही, एवढंच. कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूच्या कामात होणारा बिघाड, सीटीत दिसतच नाही. दोन दिवस शांत ठेवा, मोबाइल-टीव्ही कमी, अभ्यासाचा आग्रह नको, खेळ तर नाहीच.

इथवर सगळं ठीक होतं. पण रविवारी सेमीफायनल होती.

पेठापेठांची ईर्षा काय असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मुलींचा सामना असला तरी शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या सामन्याला जे चालतं त्याची छोटी आवृत्ती इथंही असते. शुक्रवारी सकाळीच कोचसरांचा फोन. "वहिनी, आपल्या संघाचं एका क्लिनिकशी बोलणं झालंय. एआयवर तपासणी होते. डोक्याला किती लागलंय ते मशीन सांगतं. आपल्याला सवलत आहे." २,५०० चे १,८०० घेतले. दारावर मराठीत पाटी, "कन्कशन ओळखा, १५ मिनिटांत". मला वाटलं, चला, दुसरं मत मिळेल.

तपासणी अशी. आधी डोळ्यांवर एक जाड चष्म्यासारखं यंत्र लावतात. आत एक ठिपका फिरतो, पोरीनं नजरेनं त्याचा पाठलाग करायचा. कॅमेरा बुबुळांची हालचाल टिपतो. मग टॅबलेट: रंग बदलला की बोट दाबायचं. मग दहा शब्द ऐकून लक्षात ठेवायचे. शेवटी एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, त्यावरून आवाजाचं विश्लेषण. शब्द इंग्रजी. परिच्छेदही इंग्रजी. आमची पोरगी मराठी शाळेतली. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "आई, सॅडल म्हणजे काय गं?" आणि अँकर म्हटल्यावर तिला न्यूज चॅनेलवरची बाई आठवली म्हणे. आता ही तपासणी स्मरणशक्तीची झाली की इंग्रजीच्या पेपरची?

दुसरी गंमत म्हणजे, आदल्या रात्री डॉक्टरबाई सांगतात की स्क्रीन कमी ठेवा, आणि वीस तासांच्या आत आम्ही तिला १४ मिनिटं चमकत्या ठिपक्याकडं बघायला बसवतो. निम्म्यात तिनं डोळे चोळले. टेक्निशियन पोरगा म्हणाला, "थांबू नको, नाहीतर पहिल्यापासून करावं लागेल."

सुरू करण्याआधी टॅबलेटवर चार-पाच पानांचा इंग्रजी मजकूर आला. खाली एक चौकट. त्या पोरानं स्वतःच्याच बोटानं ती टिचकी मारली आणि पान पुढं सरकवलं. मी विचारलं, हे काय होतं? "काही नाही मॅडम, फॉर्मॅलिटी असते."

पाच मिनिटांत रिपोर्ट. एका पानावर मोठा हिरवा गोल, त्यात ८७, खाली 'कमी धोका'. डोळे: उत्तम. प्रतिसादाचा वेग: उत्तम. स्मरण आणि वाचा: मध्यम, पिवळं. एकूण: हिरवं. डॉक्टरांची सही होती, पण छापलेली. डॉक्टर त्या दिवशी सांगलीला होते.

आम्ही रिक्षात बसतोय तोवर कोचसरांचा फोन. "हिरवं आलंय की वहिनी! काय टेन्शन घेऊ नका." मी अजून घडी घातलेला कागद उघडून नीट वाचलाही नव्हता. क्लिनिकनं रिपोर्टचा फोटो त्यांना आधी पाठवला होता, कारण सवलत संघाच्या नावावर होती. संध्याकाळपर्यंत तो हिरवा गोल संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. वर कोणीतरी वाघाचं चित्र टाकलं.

त्याच रात्री पोरगी मराठीचं पुस्तक घेऊन बसली होती, मी नको म्हणत असताना. थोड्या वेळानं पुस्तक उलटं ठेवून म्हणाली, "आई, अक्षरं हलायल्यात." कधीपासून? "कालपासनं." मग सांगितलं का नाहीस? "कुणी विचारलंच नाही. आणि हिरवं आलंय ना."

खरंच, १४ मिनिटांत तिला कोणीही विचारलं नव्हतं की बाळा, तुला काय होतंय?

माझा धाकटा दीर सीटी सेंटरवर टेक्निशियन आहे. रात्री त्याला फोन लावला. तो एआयचा द्वेष्टा नाही, उलट त्यांच्याकडं रोज वापरतात. रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट येतो, रेडिऑलॉजिस्ट घरी झोपलेला असतो. सॉफ्टवेअर स्कॅन बघतं, रक्तस्राव वाटला की तो स्कॅन यादीत वर ढकलतं, आणि मग माणूस उठून तो पाहतो. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीच्या लोकांनी भारतातल्या सुमारे २० केंद्रांवरचे ३ लाखांवर डोक्याचे सीटी वापरून असं तंत्र बनवलं आणि २०१८ मध्ये ते 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं, हे त्यानंच सांगितलं. "पण वहिनी, ते रक्त शोधतं, फ्रॅक्चर शोधतं. जे फोटोत असतं ते. कन्कशन फोटोत नसतंय. ते कशावर शिकवणार?"

ह्या प्रश्नानं माझी झोप गेली. कशावर शिकवलं असेल ते हिरवं यंत्र?

आता माझ्या धंद्यातलं सांगते, कारण मला त्याच भाषेत कळतं. सुरुवातीला मी जालंधरहून येणाऱ्या तयार जर्सीच्या मापांचा तक्ता वापरायचे. मीडियम म्हणजे छाती इतकी, खांदा इतका. पहिल्याच ऑर्डरला निम्म्या जर्सी परत आल्या. तालमीत घुमणाऱ्या पोरांचे खांदे त्या तक्त्यात बसत नाहीत. छातीला मीडियम आणि खांद्याला एक्स्ट्रा लार्ज. तेव्हापासून मी टेप घेऊन मैदानावर जाते आणि वहीत प्रत्येकाचं नाव लिहून माप घेते. पुढच्या वर्षी तोच पोरगा आला की आधी वही उघडायची, मग टेप.

त्या यंत्राकडं माझ्या पोरीच्या नावाची वही नव्हती. ती बरी असताना तिचं माप कोणी घेतलंच नव्हतं. तिला ताडून पाहिलं ते कोणाच्या तरी सरासरीशी. आता बघा. ती गोलकीपर आहे. तिचे हात तिच्या वयाच्या पोरींपेक्षा नेहमीच चपळ. मार लागून तिचा वेग घसरला असला तरी घसरून ती सरासरीवर आली, आणि यंत्र म्हणालं, उत्तम. उलट इंग्रजी तिचं कच्चं, म्हणून स्मरण-वाचा पिवळी झाली. एक चूक वर ओढणारी, दुसरी खाली ओढणारी, आणि दोन्ही मिळून हिरवा गोल.

सोमवारी मी क्लिनिकमध्ये जाऊन विचारलं, की ज्या मुलांवर हे शिकवलं त्यात मुली किती? आपल्याकडची मुलं किती? मराठी बोलणारी एक तरी? डॉक्टर सभ्य माणूस, चहा सांगितला. उत्तर असं, "ते सिस्टिम काढते मॅडम, कंपनीचं आहे." म्हणजे सही त्यांची, उत्तर कंपनीचं, आणि कंपनी कुठं तर रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. तिथंच आणखी एक ओळ होती, इंग्रजीत: हे निदान नाही, फक्त माहितीसाठी. दारावर 'कन्कशन ओळखा' आणि कागदाच्या तळाला 'निदान नाही'. माझी जर्सी उसवली तर मी बांधील. मी कधी कापडाच्या गिरणीकडं बोट दाखवलं नाही.

तक्ता कोणाचा, ह्या प्रश्नानं किती अन्याय होऊ शकतो त्याचं उदाहरण मी नंतर वाचलं. अमेरिकेत एनएफएल म्हणून त्यांच्या फुटबॉलची लीग आहे. डोक्याच्या मारानं मेंदूचे आजार झालेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई द्यायची होती. बुद्धीची घसरण मोजताना एक असा तक्ता वापरला गेला की काळ्या खेळाडूंची मूळ बुद्धी गोऱ्यांपेक्षा कमीच असते असं त्यात गृहीत होतं. म्हणजे तेवढीच घसरण झालेली असूनही काळ्या खेळाडूची कमी दिसायची आणि दावा अडकायचा. ओरड झाल्यावर २०२१ मध्ये लीगनं तो प्रकार बंद करायचं कबूल केलं. तिथं एआयसुद्धा नव्हतं, साधा तक्ता होता. निदान तो तक्ता कोणालातरी उघडून वाचता तरी आला. आमचा तर गोलाच्या आत बंद.

शनिवारी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ज्यांच्याकडं पाठवलं, त्यांचंही सांगते, कारण तुलना केल्याशिवाय रिव्ह्यू कसला. फी ६००. वेळ पाऊण तास. यंत्र नाही, एक कागद, एक पेन, जमिनीवर चिकटवलेली तीन मीटरची पट्टी. हा कागद म्हणजे 'स्कॅट ६', खेळात डोक्याला लागल्यावर करायच्या तपासणीचा ठरलेला नमुना. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरातले डोक्याच्या माराचे जाणकार बसले, त्यातून तो निघाला आणि २०२३ मध्ये छापला. १३ वर्षांपुढच्यांसाठी हा, लहानांसाठी वेगळा. फुकट मिळतो.

पहिल्यांदा त्यांनी २२ तक्रारी एकेक करून विचारल्या, मराठीत. डोकं दुखतं का, उजेड सोसतो का, 'काहीतरी बरोबर नाही' असं वाटतं का, रडू येतं का. प्रत्येकीला ० ते ६ गुण पोरीनं स्वतः द्यायचे. तिची बेरीज ३१ आली. हिरव्या गोलाच्या दुसऱ्या दिवशी ३१! 'रडू येतं का' ला तिनं ४ दिले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले. मग दहा शब्द, तेही मराठी, तीन वेळा ऐकवून, आणि मधे दुसरं काही करून पुन्हा विचारून. मग महिने उलटे. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट... आणि थेट जून. जुलै कुठं गेला? तिनं माझ्याकडं पाहिलं. एका पायावर उभं राहताना पाय तीनदा टेकला. हीच पोरगी गोलच्या खांबाला टेकून एका पायावर बुटाची नाडी बांधते.

डॉक्टर यंत्रावर चिडले नाहीत. डोळ्यांच्या हालचालीची मोजणी उपयोगी असते, असंच म्हणाले. फक्त म्हणाले, "मला गोल नको, आलेख द्या. ठिपक्यामागं नजर कुठं अडखळली ते मला बघू दे, मग मी ठरवतो." मी क्लिनिकला आलेख मागितला. तो 'पेशंटला देत नाही' असं उत्तर आलं. माझ्याच पोरीच्या डोळ्यांचा आलेख, आणि तो मला देत नाहीत.

रविवारी ती खेळली नाही. कोचसर दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. पहाटे साडेपाचला गांधी मैदानावर चिखलात पोरींना पळवणारा माणूस आहे तो, स्वतःच्या खिशातून केळी आणणारा. पण त्यांना एक उत्तर हवं होतं आणि यंत्रानं त्यांना हवं तेच दिलं. हिरवा गोल नसता तर त्यांनी स्वतःच तिला बसवलं असतं अशी माझी खात्री आहे, कारण आधी गुरुवारी रात्री त्यांनीच फोन करून तीनदा चौकशी केली होती. गोल आला आणि त्यांचं स्वतःचं बघणं थांबलं. मला ह्या तपासणीची भीती वाटते ती इथं.

आता त्यांचा विचार असा, की पुढच्या हंगामाआधी सगळ्या संघाची पहिली तपासणी त्याच क्लिनिकमध्ये करून ठेवायची, म्हणजे ज्याचं त्याचं माप नोंद राहील. कल्पना बरोबर आहे, माझ्या वहीसारखीच. पण मोठ्या पोरांना त्यावरची युक्ती आधीच ठाऊक आहे. माझ्या दुकानात जर्सी घ्यायला आलेला एकजण हसत सांगत होता, "पहिली परीक्षा गचाळ द्यायची काकी, म्हंजी नंतर मार लागला तरी पास." आणि पहिली नोंद ठेवायची तर ती कोणाकडं? संघाकडं? क्लिनिककडं? उद्या जिल्ह्याच्या निवडीला कोणी म्हणालं, हिच्या डोक्याची फाइल बघा, तर?

म्हणून मी जरा वाचलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं म्हणजे आयसीएमआरनं २०२३ मध्ये आरोग्यसेवेतल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात पेशंटची समजून-उमजून दिलेली संमती आहे, माहितीची गोपनीयता आहे, चुकलं तर जबाबदार कोण हेही आहे, भेदभाव नको हेही आहे. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ खालच्यांना बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकाची संमती हवी म्हटलंय. उपचाराच्या कामापुरती त्यातून मोकळीक समजू शकते. पण रिपोर्टचा फोटो कोचच्या मोबाइलवर टाकणं हा कुठला उपचार? आणि टेक्निशियनच्या बोटानं मारलेली टिचकी ही माझी संमती कशी?

तुम्हाला तिथं जायचंच असेल तर जा, पण आधी डॉक्टर स्वतः हजर आहेत का ते फोनवर विचारा, आणि संमतीचं पान स्वतः वाचल्याशिवाय टॅबलेट हातातून सोडू नका. रिपोर्ट फक्त पालकाला द्या असं कागदावर लिहून घ्या. मराठी शाळेतलं मूल असेल तर शब्दांची तपासणी मराठीत होते का विचारा. नसेल तर तो भाग गाळायला सांगा. आणि मैदानावर लागलं तर तपासणीची वाट बघत बसूच नका. मान दुखतेय, दोन-दोन दिसतंय, परत परत उलटी, झटका, हातापायात मुंग्या, वाढत जाणारं डोकेदुखणं, ह्यातलं काहीही असलं तर सरळ मोठा दवाखाना. बाकी वेळी शंका आली की पोराला बाहेर बसवायचं. एवढं करायला ना टॅबलेट लागतो, ना सवलत.

रिसेप्शनवरच्या मुलीचा स्टार का, ते राहिलंच. सोमवारी मी भांडून बाहेर पडताना ती जिन्यापर्यंत मागं आली आणि हळूच म्हणाली, "काकू, लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काही होत नाही." अर्जात काय लिहायचं तेही तिनंच सांगितलं.

पोरगी आता चालते, सायकल मारते, कालपासून एकटीनं चेंडू घेऊन पळते. दर टप्प्याला निदान एक दिवस, आणि डोकं दुखलं की मागच्या टप्प्यावर. खाली झेप घ्यायला अजून परवानगी नाही. डॉक्टर पुन्हा बघतील, मग. महिने उलटे म्हणताना जुलै परत आलाय.

अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला. १,८०० रुपये परत मागितलेले नाहीत. मागितलंय ते एवढंच: डोळ्यांचा आलेख द्या, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि बाकीची नोंद कुठं ठेवली ते सांगा, ती कंपनीच्या यंत्राला शिकवायला वापरणार असाल तर वापरू नका आणि पुसून टाका, आणि रिपोर्ट कोणाकोणाला पाठवला त्यांची नावं द्या. पोच माझ्याकडं आहे, शिक्क्यासह. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथंच खाली टाकते, आणि आलेख मिळाला तर एक स्टार वाढवते.